उतारावर बंद केलेली चावी

माझ्या गॅरेजवर मी कधी पाटी लावली नाही. खोपोलीत, घाट चढायच्या आधी ज्याची गाडी बिघडते, तो पाटी वाचत बसत नाही. दिसेल त्या उघड्या दारात येऊन थांबतो. माझ्याकडे ट्रक यायचे. क्लच जळालेले, रेडिएटर उकळलेले, स्प्रिंगचे पाटे तुटलेले. ड्रायव्हर घाईत, मालक लांब मुंबईत किंवा पुण्यात, आणि दोघांचीही अशी समजूत की घाटाखालचा मिस्त्री म्हणजे लुटारू. मी लुटारू नव्हतो. पण बोललेला भाव मी सोडत नसे आणि आवाज चढवायला मला वेळ लागत नसे. त्यामुळे धंदा चालला, पण नाव चांगलं झालं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला ट्रकच्या खालून बाहेर यायचं होतं. वंगण आणि चिखल यांत पाठ टाकून दुसऱ्याच्या गाडीला कसंबसं घाटावर ढकलायचं, एवढंच काम आयुष्यभर करायचं नव्हतं. त्या सुमाराला दहिवलीच्या एका भातगिरणीत मला कोंड्याच्या पोत्यांमागे दोन माणसांची एक जुनी इंग्लिश मोटार दिसली. बुटकी, लांब नाकाची, वरून उघडी. गिरणीवाल्याने ती एका बंद पडलेल्या बंगल्यातून उचलली होती, तिच्या इंजिनासाठी. वीज गेली की या इंजिनावर गिरणी चालवायची, असा त्याचा बेत होता. तो फसला होता. शर्यतीचं इंजिन पट्ट्याला जुंपून भात भरडायला तयार नव्हतं, आणि पेट्रोल पीत होतं ते वेगळंच.

माझ्याकडे एका मेलेल्या ट्रकचं डिझेल इंजिन पडून होतं. मी दुपारभर गिरणीवाल्याजवळ बसलो आणि गाडीकडे एकदाही नीट पाहिलं नाही. जे बोललो ते सगळं गिरणीबद्दल. जाताना म्हणालो, तुमची अडचण बघवत नाही, माझं इंजिन ठेवा, हे भंगार मी हलवतो. त्याने चहा मागवला तेव्हा मला कळलं, की जमलं. गाडी बैलगाडीला बांधून मुख्य रस्त्यापर्यंत आणली आणि तिथून ट्रकमागे ओढत खोपोलीला.

ती पाहायला माझा मोठा भाऊ आला. हा दादा मुंबई-पुणे मार्गावर दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. मी शाळा सोडली ती त्याच्याच ट्रकवर क्लीनर म्हणून. स्टिअरिंग त्याने शिकवलं, तेही एका हाताने थोबाडीत देत. पुढे मी गॅरेज टाकलं ते त्याला आवडलं नाही. त्याच्या लेखी चालवणारा तो माणूस, आणि गाडीखाली झोपणारा तो हमाल. माझ्याकडे चार पैसे दिसू लागल्यावर तर हे मत आणखी पक्कं झालं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली आणि विचारलं, “हिच्यात बकरी तरी बसंल का रं?”

गाडी उभी करायला दीड पावसाळा गेला. इंजिन खोललं, ब्रेक नवे केले, पत्रा ठोकला. ती चालायला लागली त्याच हिवाळ्यात पुण्याच्या एका दंतवैद्यांची मोटार माझ्या दारात उकळून थांबली. त्यांच्याबरोबर पगारी ड्रायव्हर होता, तो पाणी शोधायला गेला. डॉक्टर आत आले आणि ताडपत्रीखालचं नाक पाहून थबकले. कॉलेजात असताना असली गाडी त्यांनी दुरून पाहिली होती. ताडपत्री त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. गिऱ्हाइकाने वस्तूला स्वतः हात लावला की सौदा अर्धा झाला, हे मला माहीत होतं, म्हणून मी मागेच उभा राहिलो. ते म्हणाले, ही न दमता घाट चढणार असेल तर मी घेतो. आणि सहज म्हणून पुढे सांगितलं, पुण्यात त्यांच्या ओळखीच्या काहीजणांकडे अशा जुन्या मोटारी आहेत, पण त्यांना हात लावणारा भरवशाचा कारागीर मिळत नाही.

किमतीचं बोलणं झालं नव्हतं आणि मला त्याची घाईही नव्हती. मला ते दुसरं वाक्य हवं होतं. ही एक गाडी माझ्या कामासकट पुण्यात उभी राहिली, की मागोमाग बाकीच्या येणार होत्या. ट्रकवाल्यांना दार दाखवता आलं असतं.

अडचण अशी होती, की ती दमत होती. सपाटीला झकास पळायची, पण घाटाच्या उभ्या चढाला धापा टाकायची. दोष इंजिनात नव्हता. इंजिनातला जळका धूर जिथून बाहेर पडतो तो मॅनिफोल्ड बिडाचा होता, जाडजूड आणि आतून अरुंद. चारही सिलिंडरांचा श्वास एकाच चिंचोळ्या तोंडातून निघायचा आणि एकमेकांच्या वाटेत यायचा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देऊन त्या पुढे लांबवर एकत्र आणल्या, की हा कोंडमारा सुटतो. शर्यतीच्या गाड्यांना अशा नळ्या लावतात, एवढं मी ऐकून होतो.

मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात मला तसा संच सापडला. चार नळ्या, खाली एका तोंडात जुळलेल्या. कोणीतरी बोटीवरून आणलेला, अगदी याच मॉडेलसाठी परदेशात बनलेला. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला मी हसलो, उठलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. अखेर मी म्हटलं त्या भावात त्याने तो दिला. इतक्या सहज दिला, की मला तिथेच संशय यायला हवा होता. मी मात्र खुशीत होतो.

खोपोलीला येऊन संच इंजिनाला लावून पाहिला, तर दुसरी नळी थेट स्टिअरिंगच्या दांडीवर येत होती. तो अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी होता. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो. उजवीकडची जागा मोकळी असते, म्हणून नळ्या तिथे ऐसपैस पसरलेल्या. आपल्याकडे नेमकी तिथूनच दांडी खाली उतरते. दुकानदाराला हे माहीत होतं, यात मला शंका नाही. मी पुन्हा मुंबईला गेलो, भर बाजारात त्याचा उद्धार केला. त्याने शांतपणे पान लावलं आणि विचारलं, तुम्ही डावं-उजवं विचारलं होतं का? मी तसाच परतलो.

दादा त्या दिवशी गॅरेजात बसलेला होता. नळ्या उलटसुलट करून म्हणाला, “अमेरिकेची नवरी नि खोपोलीचा नवरा. लगीन लागलं रं, पन नांदंल का ती?” आजूबाजूचे हसले. मीही हसलो, कारण त्या वेळी मनात उपाय तयार होता.

दुसरी नळी मी वरून आणि खालून कापली. त्याच मापाच्या नव्या नळीचा तुकडा घेतला. नुसता वाकवला तर नळी कोपऱ्यात चेपते, म्हणून ती वाळूने भरावी लागते. ही वाळू हाडासारखी कोरडी हवी. ओल राहिली तर तापल्यावर वाफ होऊन आतलं सगळं तोंडावर येतं. पाताळगंगेची बारीक वाळू पत्र्यावर भाजली, नळीत ठोकून ठोकून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या. मग गॅसच्या ज्योतीवर नळी लाल करून दांडीला वळसा घालील अशी हळूहळू वाकवली. पहिले दोन तुकडे फुकट गेले. तिसरा बसला. वेल्डिंगचे जोड मी स्वतः मारले, आतून-बाहेरून पाहिले, घासले. दांडी आणि नळी यांच्यामध्ये बोट फिरेल एवढी जागा राहिली. नट पितळी घातले, म्हणजे उष्णतेने धरून बसणार नाहीत. हे सगळं सांगतो, कारण पुढे त्या जोडाबद्दल गावाने जे बोलायचं ते बोललं.

गाडी सुरू केली तेव्हा आवाजच बदललेला होता. आधी खोकल्यासारखा तुटक यायचा. आता जाड कापड सरळ रेषेत फाडावं तसा आला.

डॉक्टर ठरल्याप्रमाणे आले, ड्रायव्हर आणि स्वतःची मोटार घेऊन. घाट चढायला मी स्टिअरिंगवर बसलो, डॉक्टर शेजारी. दादाची त्या दिवशी सुट्टी होती. तोही निघाला, डॉक्टरांच्या मोटारीत मागच्या सीटवर. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि नको म्हणण्याची सोय नव्हती. चढ कधी सुरू झाला ते डॉक्टरांना कळलंच नाही. बाजूला ट्रक बॉनेट उघडून उभे होते, वाफा सोडत होते. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी, सगळे ड्रायव्हर टाकतात तसं, मी न थांबता नाणं टाकलं. उभ्या चढाला एकदा गिअर उतरवला, तोही सवयीने. खंडाळ्याला पोहोचलो तेव्हा रेडिएटरवर हात ठेवता येत होता. डॉक्टर गाडीतून उतरेनात. मी मनातल्या मनात किंमत वाढवली.

चहा झाल्यावर ते म्हणाले, तुम्ही माझ्याबरोबर माझ्या मोटारीत या, उतरता उतरता व्यवहाराचं बोलू. म्हणजे ही गाडी खाली कोण आणणार? दादा आधीच तिच्याजवळ उभा होता. परक्या माणसासमोर, ज्याने मला स्टिअरिंग शिकवलं त्याला मी चावी कशी नाकारणार? दिली. एवढंच म्हटलं, “दादा, नळ्या नव्या आहेत, सांभाळून.” तो म्हणाला, “तू जल्मायच्या आदी घाट उतरलोय मी.” हे खरं नव्हतं, पण त्याला तसं वाटायचं.

इथे ट्रकवाल्यांची एक रीत सांगायला हवी. घाट उतरताना ते इंजिन बंद करायचे. मालक मोजून डिझेल द्यायचा, आणि त्यातलं वाचेल ते ड्रायव्हरचं. हा हक्कच मानला जायचा. दादाचा हात उतार लागताच आपोआप इंजिन बंद करायला जायचा. डिझेलच्या ट्रकला त्याने काही होत नाही. डिझेल बंद, तर नळीतून नुसती हवा जाते. पेट्रोलच्या गाडीचं तसं नाही. चावी बंद केली तर फक्त ठिणगी थांबते. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिन फिरवत राहतात, इंजिन पेट्रोल ओढत राहतं, आणि ते न जळता तापलेल्या नळ्यांत जाऊन साठतं. मग खाली येऊन कोणी चावी फिरवली की एकाच ठिणगीने ते सगळं एकदम पेटतं.

आम्ही मागे होतो. डॉक्टर पुण्यातल्या त्यांच्या मित्रांबद्दल सांगत होते, कोणाकडे कोणती मोटार, कुठली किती वर्षं बंद. मी ऐकत होतो आणि पुढच्या गाडीचा आवाजही ऐकत होतो. एका वळणानंतर तो आवाज थांबला. गाडी चालली होती, आवाज नव्हता. मी डॉक्टरांच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितलं. त्याने वाजवला. दादाने हात बाहेर काढून, सगळं ठीक आहे, अशी खूण केली. शहाणपण एवढं, की गाडी त्याने न्यूट्रलला टाकली नव्हती. उतारावर गाडी मोकळी सोडू नये म्हणून गिअरमध्येच ठेवली होती. न्यूट्रलला टाकली असती तर काहीच झालं नसतं.

खोपोलीच्या सपाटीला लागताना त्याने चावी फिरवली. सुरुंग उडाल्यासारखा बार झाला. रस्त्यावरच्या गाईचं दावं तुटलं. गाडी थांबली, पुढून आणि खालून धूर निघाला. मी पोहोचलो तेव्हा दादा रस्त्याच्या कडेला एका पायावर उभा होता. सायलेन्सर फाटला होता आणि दुसऱ्या नळीचा जोड उघडा पडला होता. ज्वाळा पायाशी आली होती, त्याच्या उजव्या नडगीला भाजलं होतं. फार नाही, पण दिसेल एवढं.

मी पहिला प्रश्न पायाचा विचारला नाही. चावी का बंद केलीस, असं विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी नाय केली. तुजी नळी फुटली.”

त्या एका वाक्याला तो मरेपर्यंत चिकटून राहिला. पायाला पट्टी बांधून तो बाजारात हिंडायचा आणि कोणी विचारलं की सांगायचा, भावाच्या पाइपाने भाजलो. वहिनी माझ्या दारात येऊन म्हणाली, “भावजी, बळी द्यायला घरचाच मानूस घावला का तुमाला?” जे ट्रकवाले माझ्याकडे चाकं उतरवून घ्यायचे, तेही म्हणू लागले, वेल्डिंग दुसरीकडून करून घेऊ. मी दोन-चार जणांशी भांडलो. त्याचा उपयोग झाला नाही. डॉक्टर त्या दिवशी व्यवहार अर्धवट टाकून गेले होते. त्यांना मी निरोप धाडला, की एकदा या, कारण काय ते डोळ्यांसमोर दाखवतो.

मी असा विचार केला. आळ नळ्यांवर आहे ना, मग नळ्याच काढून टाकू. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड परत चढवला, मागे दुसरा जुना सायलेन्सर लावला. म्हणजे गाडी कारखान्यातून आली तशी झाली, माझ्या हातचा एकही जोड तिच्यात उरला नाही. आता हिचाही बार झाला, तर दोष नळीचा नाही, चावीचा, हे आंधळ्यालाही कळलं असतं. डॉक्टर आले. दादालाही निरोप दिला होता. तो समोरच्या चहाच्या दुकानात पाय लांब करून बसला. नाक्यावरचे बरेच लोक जमले. मी डॉक्टरांना शेजारी बसवून घाटात वरपर्यंत गेलो, गाडी वळवली, आणि त्यांना दाखवून चावी बंद केली. गाडी गिअरमध्येच ठेवली. खाली येऊन, लोकांच्या समोर, चावी फिरवली.

बार झाला. सायलेन्सर शिवणीतून फाटला. डॉक्टरांनी कान झाकले होते, कारण मी आधीच सांगितलं होतं. मी खाली उतरलो आणि सरळ दादासमोर गेलो.

“आता बोल. इथे नळ्या नाहीत.”

तो चहा संपवत म्हणाला, “मी काय बोलू रं? येकदा फुटली व्हती, तू परत फोडून दावलीस. गाडीच तसली हाय.”

लोक हसले. मी त्याच्या हातातला कप काढून रस्त्यावर आपटला. दुकानदाराने कपाचे पैसे मागितले.

पण माझं लक्ष दादाकडे नव्हतंच खरं तर. डॉक्टर बॉनेट उघडून वाकले होते. त्यांनी हाताला रुमाल गुंडाळून बिडाच्या मॅनिफोल्डभोवती चाचपून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. दोष चावीचाच. पण हा फुटला नाही.”

मी म्हणालो, हा फुटणार नाही, हा बिडाचा आहे, अंगठ्याएवढा जाड. नळी पातळ असते, म्हणून तर ती हलकी आणि मोकळी. मी जोड जाड मारून देतो. चावी बंद केली नाही, तर शंभर वर्षं काही होणार नाही.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण गाडी नेहमी मीच चालवणार नाही. माझ्याकडेही ड्रायव्हर आहे.”

मी म्हणालो, त्याला बजावून सांगा.

“सांगेन. तो हो म्हणेल.”

ते पुढे म्हणाले, सायलेन्सर फाटला तर कुठेही बदलता येतो, पण पायाशी आग नको. गाडी ते घेणार होते, आहे तशी, बिडाच्या मॅनिफोल्डसकट. घाट थोडा दमत चढली तरी चालेल. किंमत मी सांगितली ती त्यांनी मान्य केली. मी मुद्दाम जास्त सांगितली होती, म्हणजे ते घासाघीस करतील आणि बोलता बोलता नळ्यांचा विषय परत काढता येईल. त्यांनी घासाघीस केली नाही.

गाडी न्यायला त्यांचा ड्रायव्हर एकटाच आला. मी त्याला चावीबद्दल सगळं समजावलं. त्याने मान डोलावली, “हो शेठ” म्हणाला आणि विचारलं, ही लिटरला किती देते?

पुण्याहून पुढे दुसरी मोटार आली नाही. डॉक्टरांनी मित्रांना माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं असेल. ते तसे गृहस्थ होते. पण त्यांच्याकडे उभी होती ती कारखान्यात बनली तशीच एक जुनी गाडी. तिच्यात माझं असं दाखवण्यासारखं काही नव्हतं. माझी वाकवलेली नळी लोकांनी पाहायला हवी होती आणि तो आवाज ऐकायला हवा होता. नळ्यांचा संच मी परत त्याच बाजारात नेऊन दुसऱ्या एका दुकानदाराला दिला. त्याने दुसऱ्या नळीचा वळसा पाहून विचारलं, हे काम कुठलं? मी सांगितलं, खोपोलीचं. तो म्हणाला, बरं केलंय. एवढं बोलणारा तो एकच माणूस.

मी ट्रकच्या खालीच राहिलो. दादाच्या आणि माझ्या घरांत सणावाराला जाणं-येणं थांबलं नाही, नडगीवरचा डागही फिका झाला. त्याच्या शेवटच्या आजारात मी रोज जात असे. एकदा तो शुद्धीवर होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, “दादा, त्या दिवशी चावी बंद केली होतीस ना?” तो म्हणाला, “तुजी गाडी खपली, पैशे मिळालं. आता अजून काय पायजे रं?”

मला काय पाहिजे होतं ते त्याला माहीत होतं. मी त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि गॅरेजवर गेलो. तिथे एक ट्रक उभा होता, पुढचा पाटा तुटलेला, आणि ड्रायव्हर घाईत होता.